आसऱ्याचा ताळेबंद



निर्वासितांचा इतिहास आपल्या कानावर येतो तो बहुधा राजांचा, लढायांचा आणि जहाजांचा असतो. अमुक राजाने अमुक पंथाच्या लोकांना देशोधडीला लावले, ते अमुक बंदरावर उतरले, तेथील लोकांनी त्यांना पोटाशी धरले, आणि तेथे प्रकरण संपते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला दूध लागते. ते दूध कोणी आणले? खोलीचे भाडे कोणी भरले? कोळशाची पावती कोणाच्या नावाने फाटली? हे प्रश्न इतिहासकाराला क्षुल्लक वाटत असतील. माझे सारे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेथे अध्यक्षाचे भाषण ऐकण्याआधी खजिनदाराची वही वाचावी, ही सवय मनुष्याला लागते. वही खोटे बोलत नाही. बोललीच तर लवकर सापडते.

आजचा विषय ती वही हाच आहे. परागंदा होऊन आलेल्यांना सांभाळणाऱ्या गावोगावच्या मंडळांना पैसा कोठून मिळाला, कोणत्या अटीवर मिळाला, आणि त्या अटीचे काय परिणाम झाले, एवढेच मला सांगायचे आहे. उदाहरण इंग्लंडचे घेतो. कारण सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशात या कामाचे सगळे प्रयोग होऊन गेले: राजाची देणगी, गावची वर्गणी, श्रीमंतांची हमी आणि सरकारचे अनुदान. शिवाय त्यांचे कागद शिल्लक आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पैशाची अट हीच देशाच्या दाराची खरी कडी असते. कायदा दार उघडे आहे असे सांगत असतो, आणि कडी मात्र आतून लागलेली असते.

पहिला प्रयोग ह्यूगनॉटांचा. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना १५९८ सालच्या नांतच्या फर्मानाने धर्मस्वातंत्र्य मिळाले होते. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले. माणसे रात्रीबेरात्री सरहद्दी ओलांडू लागली. त्यांपैकी चाळीस ते पन्नास हजार माणसे इंग्लंडात आली असे मानतात. त्यांत रेशमाचे विणकर पुष्कळ होते, आणि लंडनच्या पूर्वेस स्पिटलफील्ड्स भागात त्यांचे माग खडखडू लागले. इंग्लंडचा त्या वेळचा राजा दुसरा जेम्स हा स्वतः कॅथलिक. या लोकांविषयी त्याला फारसे प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरीही लोकमताच्या रेट्यापुढे १६८६ साली त्याला चर्चाचर्चांतून फाळा गोळा करण्याची आज्ञा द्यावी लागली. पुढे विल्यम आणि मेरी गादीवर आल्यावर ‘रॉयल बाउंटी’ नावाची राजदेणगी सुरू झाली, आणि कालांतराने पार्लमेंटने तिच्यासाठी सालीना १५,००० पौंड मंजूर केले.

रक्कम त्या काळी मोठी होती खरी, पण मला तिच्यापेक्षा वाटपाची पद्धत महत्त्वाची वाटते. वर देखरेखीला इंग्रजांची एक समिती होती, आणि तिच्या हाताखाली प्रत्यक्ष वाटप करणारी फ्रेंचांची समिती होती, म्हणजे खुद्द निर्वासितांतल्याच माणसांची. कोणत्या गल्लीत कोणती विधवा राहते, कोणाचा माग गहाण पडला आहे, कोण खरा अडलेला आहे आणि कोण नुसता रडका आहे, हे लंडनच्या दरबाऱ्याला कळणे शक्य नव्हते. ते फ्रेंच समितीला कळत होते. स्पिटलफील्ड्समध्ये एक अन्नछत्र चाले. त्याला लोक ‘ला सूप’ म्हणत. तक्रारीही झाल्याच. समिती आपल्या ओळखीच्यांना झुकते माप देते, असा गरीब निर्वासितांचा ओरडा होता. जेथे वाटप आले तेथे हा ओरडा आलाच. त्यावरचा उपायही त्या काळातच सापडला: वाटपाचे हिशेब छापून निघू लागले. सरकारचा पैसा, स्थानिक हात, समितीत खुद्द निर्वासित, आणि छापील हिशेब. इतक्या जुन्या काळी सापडलेली ही चार कलमे पुढच्यांना पुन्हा पुन्हा नव्याने शोधावी लागली, आणि मधल्या काळात पुष्कळांनी त्याची किंमत मोजली.

आता एकदम १९१४ सालात येऊ. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जमात शिरल्या. त्याच महिन्यात लंडनमध्ये ‘वॉर रेफ्यूजीज कमिटी’ स्थापन झाली. लेडी लुगार्ड वगैरे मंडळी तिच्यात पुढे होती. ९ सप्टेंबरला सरकारच्या वतीने हर्बर्ट सॅम्युएल यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, बेल्जममधून येणाऱ्यांना ब्रिटिश राष्ट्राचे आतिथ्य देऊ केले आहे. ऑक्टोबरात अँटवर्प पडले तेव्हा फोकस्टनच्या धक्क्यावर एका दिवसात सोळा हजारांच्या आसपास माणसे उतरली. युद्धाच्या काळात एकंदर अडीच लाख बेल्जियन इंग्लंडात येऊन राहिले.

त्यांना सांभाळण्यासाठी देशभर सुमारे २,५०० स्थानिक मंडळे निघाली. कोठे पाद्रीबाबा चिटणीस, कोठे शाळामास्तर, तर कोठे कारखान्यातले कामगार. पगाराच्या दिवशी पेनी-पेनी गोळा करून एखादे कुटुंब दत्तक घ्यायचे, रिकामे घर भाड्याने घ्यायचे, त्यात जुने पलंग न्यायचे, अशी ही मंडळे चालत. फूल ना फुलाची पाकळी देणारा प्रत्येक जण त्या कुटुंबाचा नातेवाईक झाल्यासारखा वागे. लोकवर्गणीची खरी ताकद ही असते. वर्गणी नुसता पैसा आणत नाही, माणसालाही बांधून आणते.

पण वर्गणीचा एक धर्म आहे. चळवळीत काम केलेल्या कोणालाही तो ठाऊक असतो. पहिल्या महिन्यात डबा भरून वाहतो, चौथ्या महिन्यात खुळखुळतो, आणि दहाव्या महिन्यात डबा घेऊन येणारा दिसला की लोक रस्ता बदलतात. देणारे दुष्ट झाले असे नव्हे. लढाई नाताळपर्यंत संपेल असे सांगितले गेले होते. ती चार वर्षे चालली. त्या काळात घरातलाच मुलगा खंदकात गेला, धान्य महागले, आणि पाहुण्याविषयी कुरकुर सुरू झाली. अशा वेळी दोन गोष्टींनी मंडळांना तारले. एक, बेल्जियनांना दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम मिळाले आणि ते आपल्या कमाईवर जगू लागले. दुसरी, जेथे वर्गणी आटली तेथे सरकारी तिजोरी पुढे आली. राष्ट्राने पाहुण्याला बोलावले होते, तेव्हा जेवणाचा खर्च अखेर राष्ट्राने उचलला. हा व्यवहार सरळ होता.

तो सरळपणा पुढच्या खेपेला राहिला नाही. माझ्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. वसंत ऋतू येईपर्यंत ज्यू वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक इंग्लंडच्या बंदरांवर दिसू लागले. देशात मंदी होती, लक्षावधी कामगार बेकार होते, आणि या नव्या तोंडांना कोण पोसणार असा प्रश्न गृहखात्यापुढे होता. तेव्हा एप्रिल महिन्यात ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांनी सरकारला एक लेखी वचन दिले: जर्मनीतून येणाऱ्या ज्यू निर्वासितांचा सर्व खर्च आमचा समाज करील, सरकारी तिजोरीवर त्याचा भार पडणार नाही. या वचनामागे ओटो शिफ नावाचे एक सज्जन बँकर होते. ते स्वतः जर्मनीत जन्मलेले, आणि लंडनच्या पूर्व भागात १८८५ पासून चालत आलेल्या ज्यू आश्रयगृहाचा कारभार पाहणारे. मंडळींचा अंदाज होता की, फार तर तीन-चार हजार माणसे येतील. समाज सारा मिळून तीन लाखांच्या घरात. ‘सेंट्रल ब्रिटिश फंड’ निघाला, आणि पैसा चांगला जमला.

हे वचन उदार होते यात शंका नाही. ते दिले नसते तर त्या वेळी कदाचित कोणीच आत आले नसते. परंतु त्याचा परिणाम काय झाला पाहा. एका माणसाला आसरा द्यायचा की नाही हा राष्ट्राच्या कर्तव्याचा प्रश्न होता, तो एका लहान समाजाच्या ऐपतीचा प्रश्न झाला. गृहखात्यातला कारकून आता ‘याच्या जिवाला धोका आहे काय’ हे विचारीनासा झाला. तो विचारू लागला, ‘याचा जामीन कोण?’ अडलेल्याच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या सावकाराचा हा प्रश्न. आपल्या खेड्यापाड्यांत तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

हाच प्रश्न १९३७ साली दुसऱ्या एका समुदायापुढे आला, आणि त्या वेळी त्याचे उत्तर देण्याची पाळी कामगारांवर आली. स्पेनमध्ये यादवी चालू होती. २६ एप्रिलला विमानांनी बास्क प्रांतातील गेर्निका हे गाव बेचिराख केले. बिल्बाओला वेढा पडलेला. ‘हबाना’ नावाचे जहाज जवळजवळ चार हजार मुले घेऊन निघाले आणि २३ मे रोजी साउदॅम्प्टनला लागले. मुलांबरोबर शिक्षिका होत्या, मदतनीस बायका होत्या आणि काही पाद्री होते. सरकारने मुलांना उतरू दिले, पण एका अटीवर: सरकार एक पेनी देणार नाही. आम्ही स्पेनच्या भांडणात तटस्थ आहोत, म्हणून मुलांच्या दुधातही आम्ही तटस्थ, असा हा न्याय. दर मुलामागे आठवड्याला १० शिलिंगांची तजवीज आधी दाखवा, असे मुलांना आणणाऱ्या समितीला सांगण्यात आले.

ती तजवीज कोणी केली? कॅथलिक चर्चने काही मुले घेतली, साल्व्हेशन आर्मीने काही घेतली. बाकीची मुले देशभर पसरलेल्या लहान लहान वसतिगृहांत गेली. त्यांना ‘कॉलनी’ म्हणत. प्रत्येक कॉलनीमागे एक स्थानिक समिती असे, आणि तीत कामगार संघटना, सहकारी संस्था, क्वेकर पंथाचे लोक, शिक्षक, मजूर पक्षाच्या शाखा अशी सरमिसळ असे. दक्षिण वेल्समध्ये कार्लिऑन या गावी ‘केंब्रिया हाउस’ नावाची कॉलनी उघडली, आणि तिच्यामागे उभे राहिले दक्षिण वेल्सचे खाणकामगार. ज्या खोऱ्यांत खाणी बंद पडून वर्षानुवर्षे बेकारी होती, त्या खोऱ्यांतली माणसे परक्या मुलांसाठी पैसा काढीत होती. ज्याच्या कनवटीला कमी, त्याने आधी हात घातला. मुलेही बसून राहिली नाहीत. त्यांनी आपले छोटे वर्तमानपत्र काढले, गावोगाव जाऊन बास्क नाच केले, फुटबॉलचे सामने खेळले, आणि त्यावर मिळालेला पैसा कॉलनीच्या पेटीत टाकला.

ही हकीकत वाचताना कोणाही संघटनेच्या माणसाची छाती फुगेल. माझीही फुगते. परंतु येथे थांबले तर ते भाषण होईल, इतिहास होणार नाही. १० शिलिंगांनी आठवडा जातो, बालपण जात नाही. १९३८ उजाडले, तोवर स्पेनच्या बातम्या पहिल्या पानावरून मागे गेल्या होत्या. दुसरे निर्वासित दारात उभे होते. समित्यांची पेटी हलकी होऊ लागली, काही कॉलन्या बंद करून मुले दुसरीकडे हलवावी लागली. मुलांना परत पाठवा असा राजकीय दबाव होताच, आणि रिकाम्या पेटीने त्याला बळ दिले. बहुतेक मुले परत गेली. काहींचे आईबाप तुरुंगात होते, काहींचे आईबाप कोठे आहेत याचाच पत्ता नव्हता. महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात चारशेच्या आसपास उरली होती. कामगारांच्या प्रेमात खोट होती असे मी कधीही म्हणणार नाही. मी म्हणतो की, ज्या ओझ्याला राष्ट्राचा खांदा लागतो ते एका वसाहतीच्या खांद्यावर ठेवले, तर वसाहत कितीही जिवाची असली तरी एक दिवस वाकते.

तिकडे शिफ यांच्या वचनाचेही तेच झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. तीन-चार हजारांचा अंदाज केव्हाच मागे पडला होता. तेव्हा शिफ यांनी गृहखात्याला कळवले की, यापुढे येणाऱ्या नव्या माणसांना आमची सरसकट हमी लागू धरू नये. समाजाची पेटी आता तेवढी भरलेली राहिली नव्हती. लगेच सरकारने जर्मनी-ऑस्ट्रियातून येणाऱ्यांना व्हिसाची अट घातली. हमी आखडली तशी कडी लागली. पाच वर्षांपूर्वीच्या त्या उदार कागदाची दुसरी बाजू ही होती.

९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉगे जळाली. लोकमत हलले. २१ नोव्हेंबरला पार्लमेंटात चर्चा झाली, आणि मुलांना नेहमीचे सोपस्कार न लावता आत घेण्याचे ठरले. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिली तुकडी हारिचच्या धक्क्यावर उतरली. महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ दहा हजार मुले अशी आली. माजी पंतप्रधान बाल्डविन यांनी ८ डिसेंबरला रेडिओवरून मदतीचे आवाहन केले, आणि त्यांच्या निधीत पाच लाख पौंडांवर रक्कम जमली. इंग्रज माणसाने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू नये.

पण अट राहिलीच. १९३९ च्या आरंभी ठरले की, दर मुलामागे ५० पौंडांची हमी हवी. मूल मोठे झाले की त्याला दुसऱ्या देशी पाठवण्याच्या खर्चाची ही ठेव. ५० पौंड म्हणजे किती? २० शिलिंगांचा पौंड धरला तर बास्क मुलांच्या दराने एका मुलाचा जवळजवळ दोन वर्षांचा खर्च. त्या वेळी कारखान्यातल्या पुरुष कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला सुमारे ७० शिलिंग होती. म्हणजे सव्वातीन महिने त्याने घरात एक पैसाही न देता काम केले, तर एका मुलाचे दार उघडे होणार. प्रागमधून निकोलस विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६९ मुले बाहेर काढली, ही गोष्ट आता जगाला ठाऊक आहे. त्या कामात त्यांचा किती वेळ गाड्या ठरवण्यात गेला आणि किती वेळ हमीदार शोधण्यात गेला, याचा विचार थोडे लोक करतात. मुलांचे फोटो छापून लोकांपुढे ठेवावे लागले, आणि यादीतील नावे हमीदारांहून कितीतरी अधिक होती. शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ ला निघायची होती. तीत २५० मुले बसायची होती. त्या दिवशी लढाई पेटली आणि गाडी सुटलीच नाही. हमीदार मिळायला लागलेला एकेक आठवडा त्या तारखेच्या अलीकडचा होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवतो. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्यूनिखला चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या हवाली करण्यात आला. त्या करारावर ब्रिटनची सही होती. सुडेटन प्रदेशातले समाजवादी, संघटनांचे कार्यकर्ते, ज्यू, हिटलरविरोधी वर्तमानपत्रांचे लोक हे सगळे उघड्यावर पडले. मग ब्रिटिश सरकारने चेक सरकारला कर्जाबरोबरच निर्वासितांसाठी ४० लाख पौंड देणगी म्हणून दिले. मार्च १९३९ मध्ये सारा देशच हिटलरने गिळल्यावर, शिल्लक पैशातून जुलै महिन्यात ‘चेक रेफ्यूजी ट्रस्ट फंड’ उभा राहिला. विश्वस्त सरकारने नेमलेले, पैसा सरकारचा, आणि रोजचे काम पाहायला समित्या, वसतिगृहे, आणि निर्वासितांचे स्वतःचे गट. ह्यूगनॉटांच्या वेळची जुनी घडण पुन्हा वर आली म्हणाना.

म्हणजे १९३९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एकाच रस्त्यावर दोन निर्वासित राहत असतील. दोघांचा शत्रू एक, दोघांचा धोका एक. एकामागे सरकारी ट्रस्ट उभा. दुसऱ्याला कोणी अनोळखी बाईने किंवा बुवाने आपल्या बचतीतून जामीन दिलेला, आणि तिसरा, ज्याला जामीन मिळाला नाही, तो त्या रस्त्यावर नव्हताच. हा फरक कशाने पडला? एका प्रकरणात सरकारला आपल्या सहीची टोचणी होती, दुसऱ्यात नव्हती. तिजोरी उघडायला पैसा लागतोच, पण टोचणी त्याहून अधिक लागते.

लढाई सुरू झाल्यावर खासगी मंडळे अगदी घायकुतीला आली. तेव्हा १९४० च्या आरंभापासून सरकारने निर्वासितांच्या निर्वाहाचा अर्धा खर्च द्यायला सुरुवात केली आणि पुढे त्याहून मोठा वाटा उचलला. १९३३ ला जी गोष्ट अशक्य म्हणून सांगितली गेली, ती सात वर्षांनी, ऐन युद्धाच्या खर्चात, शक्य झाली. तात्पर्य, पैसा नव्हता हे कारण तेव्हाही खरे नव्हते.

ही हमीची रीत समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली होती. मुंबईत १९३४ साली ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. हिंदुस्थानात येऊ पाहणारा ज्यू निर्वासित सरकारच्या गळ्यात पडणार नाही, त्याला आम्ही सांभाळू, अशी जबाबदारी ती घेत असे. सरकार तेच, म्हणून अट तीच. आणि नंतर कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. तिचा खर्च लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारकडून येई. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्याच्या चुलीचे पालकत्व संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांकडे गेले. हजारो मैलांवरच्या एका दफ्तरात सही बदलली की पंचगंगेकाठच्या छावणीतल्या बाईचे पुढचे घर बदलते, हे कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

युद्धानंतर २८ जुलै १९५१ ला निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. हक्क कागदावर आला. पण संयुक्त राष्ट्रांनी जे उच्चायुक्ताचे कार्यालय नेमले, त्याला सरकारांकडे पैसा मागायचा तर आधी आमसभेची परवानगी हवी, असे त्याच्या घटनेतच लिहिले होते. हातात हक्काचा कागद आणि खिसा शिवलेला. १९५२ साली फोर्ड फाउंडेशनने २९ लाख डॉलर दिले, ते स्थानिक स्वयंसेवी संस्थांमार्फत खर्च झाले, आणि त्यानंतर सरकारे जागी होऊ लागली.

आणि इंग्लंडात? तेथे १९९९ च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांची, म्हणजे ज्यांच्या अर्जाचा अजून निकाल लागलेला नाही त्यांची, व्यवस्था नेहमीच्या कल्याणयोजनांतून वेगळी काढली. त्यांना रोकड न देता व्हाउचर देऊ लागले. एकट्या प्रौढ माणसाला आठवड्याला ३६ पौंड ५४ पेन्स, त्यांत रोख मिळण्याजोगे फक्त १०. दुकानात व्हाउचर दिले की उरलेली मोड परत मिळत नसे. पाच पौंडांच्या व्हाउचरवर चार पौंडांचे सामान घेतले तर एक पौंड दुकानदाराचा. या अपमानाविरुद्ध वाहतूक आणि सर्वसाधारण कामगारांच्या मोठ्या संघटनेचे सरचिटणीस बिल मॉरिस, जे स्वतः जमैकाहून आलेले, निर्वासितांच्या संस्थांना बरोबर घेऊन उभे राहिले. २००२ साली व्हाउचर गेले आणि रोकड आली. दानाच्या रकमेइतकीच दानाची रीतही माणसाला मोठे किंवा लहान करते.

त्याच देशात जुलै २०१६ मध्ये गावोगावच्या मंडळांनी एखादे निर्वासित कुटुंब आणावे अशी योजना निघाली. मंडळाने आधी किमान ९,००० पौंड जमवून दाखवायचे होते. पुन्हा हमी. २०२२ साली युक्रेनमधून माणसे आली, तेव्हा घरात जागा देणाऱ्याला महिन्याला ३५० पौंड आणि स्थानिक नगरपालिकांना दर माणशी १०,५०० पौंड असा दर ठरला. पुढच्या जानेवारीपासून नव्याने येणाऱ्यांसाठी तो ५,९०० वर आला. लढाई निम्मी झालेली नव्हती, पण दर जवळजवळ निम्मा झाला.

आता आपल्यापैकी कोणी विचारील, मग सगळे सरकारवर सोडावे काय? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे होणार नाही काय? ही शंका खरी आहे. अनुदानावर जगणारी संस्था वर्षभर काम करते आणि मार्च आला की अर्ज लिहिते. जे साहेबाला आवडेल ते अर्जात येते, जे बोचेल ते गळते. तिच्यातला पगारी सेवक वर्षावर्षाच्या करारावर टांगलेला असतो, आणि स्वतःची नोकरी टांगणीला लागलेला माणूस दुसऱ्याच्या हक्कासाठी किती तावातावाने भांडेल, हे संघटनेच्या माणसाला सांगायला नको. पण सरकारी पैसा नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कामगाराने मालकाच्या धाकाला भिऊन पगार नाकारला, असे कधी ऐकले आहे काय? तो पगार घेतो, आणि धाक राहू नये म्हणून संघटना बांधतो.

इतिहासाच्या वहीतून मला जी वाटणी दिसते ती अशी. पोट, छप्पर आणि औषध हा खर्च राष्ट्राचा. तो ठरलेला असावा, काही वर्षांचा असावा, आणि त्याला कोणा व्यक्तीच्या हमीची अट नसावी. शेजार, भाषा, शाळेतली ओळख, कचेरीत बरोबर येणारा माणूस, हे काम गावच्या मंडळाचे. ते पगारी खात्याला कधी जमले नाही आणि जमणार नाही. मंडळाच्या समितीत निर्वासितांची स्वतःची माणसे असावीत, आणि हिशेब भिंतीवर लागलेला असावा. लोकवर्गणी मात्र कधीही बंद करू नये. सरकारी रकमेपुढे ती चिमूटभर असेल, परंतु संस्थेला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या चिमटीतूनच येते. संपाच्या दिवसांत बाहेरून आलेला एक मोठा चेक आणि आतून आलेले हजार लहान रुपये यांचा फरक आम्ही अनुभवाने जाणतो. चेकवर संप काही दिवस चालतो, त्या हजार रुपयांवर संप आपला राहतो.

कार्लिऑनच्या खाणकामगारांनी आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक दिले. हारिचला उतरलेल्या मुलांचे हमीदार पुष्कळदा साधे शिक्षक, कारकून आणि लहान दुकानदार होते. त्यांच्यापुढे मस्तक नमवावे. पण त्यांचे गुणगान करताना ज्या सरकारांनी आपला वाटा त्यांच्या अंगावर टाकला, त्यांना त्या गुणगानाच्या आड लपू देऊ नये. धर्मादाय माणसाच्या चांगुलपणाचा पुरावा असतो हे खरे, पण अनेकदा तो दुसऱ्या कोणाच्या थकलेल्या देण्याची पावतीही असतो. आणि १९३९ च्या त्या याद्यांत ज्या नावांपुढे हमीदाराचा रकाना कोरा राहिला, त्या मुलांचा दोष एवढाच होता की, त्यांच्या जिवाची किंमत ५० पौंड ठरली होती आणि ती भरायला कोणी वेळेवर भेटले नाही.